बिझनेस प्रोसेसच्या आकृत्यांवरून युज केस आणि क्लास डायग्राम कसे काढता?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही खरेदीची सिस्टिम नव्यानं बांधतोय. अनालिस्ट टीमनं ११ बीपीएमएन आकृत्या (कामाचा क्रम चौकोन आणि बाणांनी दाखवायची पद्धत) दिल्यात, मागणीपत्रापासून मंजुरी, पीओ (व्हेंडरला दिलेली खरेदीची ऑर्डर), माल आवक, बिल जुळवणी ते थेट पेमेंटपर्यंत. आकृत्या चांगल्या आहेत, युजर लोकांनी समोर बसून एकेक बाण तपासलाय. आता त्यावरून युज केस (माणूस सिस्टिमकडून काय करून घेतो), क्लास डायग्राम (कुठल्या वस्तूंची माहिती ठेवायची आणि त्यांची नाती) आणि सिक्वेन्स डायग्राम (कोण कुणाला कुठल्या क्रमानं निरोप देतं) काढायचं काम माझ्याकडे आलंय. मी सरळ जे सुचलं ते केलं, लेन (आकृतीतला पट्टा, त्यातलं काम कोणाचं ते सांगणारा) म्हणजे अ‍ॅक्टर (सिस्टिम वापरणारा), टास्क (एक काम) म्हणजे युज केस, डेटा ऑब्जेक्ट (कामाला लागणाऱ्या कागदाचं किंवा माहितीचं चिन्ह) म्हणजे क्लास. ६४ युज केसेस झाल्या. क्लास डायग्राममध्ये ९ चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा कुठून कुठे घ्यायच्या तेच कळेना. लीडनी बघितलं आणि म्हणाले ही त्याच आकृत्यांची यादी झाली, डिझाइन कुठाय. मला वाईट वाटलं नाही कारण काढताना मलाही तेच जाणवत होतं, पण मग नक्की करायचं काय हे कुणी सांगत नाही. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

लाल_पेन

६४ आकडा ऐकूनच कळलं की मॅन्युअल टास्कसुद्धा धरलेत. आधी टास्कचा प्रकार बघा. बीपीएमएनमध्ये प्रत्येक टास्कच्या डोक्यावर छोटं चिन्ह असतं, माणसाचं चिन्ह म्हणजे युजर टास्क, हाताचा पंजा म्हणजे मॅन्युअल, दातेरी चाकं म्हणजे सर्व्हिस टास्क, तक्त्यासारखं चिन्ह म्हणजे बिझनेस रूल टास्क. स्टोअरवाला गाडीतून खोकी उतरवतो हे मॅन्युअल आहे, सिस्टिमला त्याच्याशी देणंघेणं नाही, ते सरळ गाळा. सर्व्हिस टास्क म्हणजे सिस्टिम स्वतःच करते ते काम, ते कुठल्यातरी युज केसच्या पोटातली एक पायरी असतं किंवा बॅकग्राउंडला चालणारा जॉब असतो, त्याला अ‍ॅक्टर शोधत बसू नका.

उरले युजर टास्क. त्यांच्यासाठी मी एक नियम वापरतो, एक माणूस एका बैठकीत जे काम उरकून समाधानानं उठतो ती एक युज केस. आकृतीवर हे कसं दिसतं, तर एकाच लेनमध्ये लागोपाठ आलेले टास्क आणि मधे कुठे थांबणं नाही, तर ते सगळे मिळून एक. "व्हेंडर निवडा", "दर भरा", "अटी लिहा", "पीओ पाठवा" या तुमच्याकडे चार युज केसेस असतील, त्या चार नाहीत, "पीओ तयार करा" ही एकच आहे आणि हे चार तिच्या आतल्या पायऱ्या. बाण दुसऱ्या लेनमध्ये गेला, किंवा मेसेजची वाट बघावी लागली, किंवा टायमर आला की युज केस तिथे संपली. त्या क्षणी काय लिहून ठेवलं गेलं ती तिची पोस्टकंडिशन. आणि बाउंड्री इव्हेंट, म्हणजे टास्कच्या कडेला चिकटलेलं वर्तुळ, ते बहुतेक वेळा त्या युज केसचा पर्यायी मार्ग असतो, वेगळी युज केस नाही.

लेनचंही तसंच. लेन म्हणजे काय हे बीपीएमएननं ठरवून दिलेलंच नाही, काढणाऱ्यानं ठरवायचं. त्यामुळे एका आकृतीत लेन म्हणजे विभाग असतो, दुसरीत पद, तिसरीत चक्क आपलीच सिस्टिम. आपली सिस्टिम अ‍ॅक्टर होऊ शकत नाही. विभागही होऊ शकत नाही, कारण "अकाउंट्स" लॉगिन करत नाही, अकाउंट्समधला बिल नोंदवणारा करतो आणि मंजूर करणारा वेगळा असतो, आणि हे दोघं एकच माणूस असलेले चालत नाहीत. हा फरक लेनमध्ये दिसत नाही, विचारूनच कळतो.

रेघोट्या

लाल पेन यांच्याशी सहमत. फक्त एक सावधगिरी, ज्या आकृत्या मिळाल्यात त्या आत्ता काम कसं चालतं त्याच्या आहेत का पुढे कसं चालावं त्याच्या, हे आधी विचारून घ्या. आत्ताच्या आकृतीवरून डिझाइन काढलं तर कागदी फायलीचा प्रवास जसाच्या तसा स्क्रीनवर येतो. तीन सह्या तीन स्क्रीन होतात.

निळी_शाई

पुढच्या आहेत, ते विचारलं होतं.

लाल पेन, बैठकीचा नियम लावून बघितला, पहिल्या चार आकृत्यांमध्येच २७ च्या ९ झाल्या! पण क्लास डायग्रामचं अजून तसंच आहे. आकृतीत "पीओ" नावाचा डेटा ऑब्जेक्ट सहा ठिकाणी आहे, "बिल" चार ठिकाणी. त्यांच्यात नातं काय हे आकृती सांगतच नाही.

उलटा_बाण

सांगणारच नाही. बीपीएमएनच्या स्पेसिफिकेशनमध्येच स्पष्ट लिहिलंय की डेटा मॉडेल, संस्थेची रचना, बिझनेस रूल्सचं मॉडेल हे सगळं या नोटेशनच्या कक्षेबाहेर आहे. डेटा ऑब्जेक्ट आहे तो फक्त कुठल्या टास्कला काय लागतं आणि त्यातून काय निघतं एवढं दाखवायला. म्हणून ज्यांना वाटतं की रूपांतर म्हणजे एका बाजूनं आकृती घालायची आणि दुसऱ्या बाजूनं डिझाइन काढायचं, ते इथे अडकतात, कारण जे आत नाहीच ते बाहेर कसं येणार.

थोडी पार्श्वभूमी देतो, उपयोगी पडेल. ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेनं २००१ च्या सुमारास एमडीएची (आधी मॉडेल, मग त्यावरून सॉफ्टवेअर) कल्पना मांडली, त्यात तीन थर होते, वरती कॉम्प्युटरचा विचार न करता केलेलं धंद्याचं मॉडेल, मधे कुठल्या प्लॅटफॉर्मशी न बांधलेलं डिझाइन, खाली प्लॅटफॉर्मचं डिझाइन. मधल्या थरातून खालच्या थरात जायला ऑटोमेशन छान चालतं, कारण दोन्हीकडे क्लास आहेत, ऑपरेशन्स आहेत, फक्त तपशील वाढतो. वरून मधल्या थरात यायला मात्र भाषाच बदलते, तिथे क्रिया आणि क्रम आहे, इथे वस्तू आणि जबाबदारी. मी क्यूव्हीटी आणि एटीएल (मॉडेलचं रूपांतर करायच्या भाषा) दोन्हीत नियम लिहून बघितलेत. सांगाडा निघतो, नावं निघतात, नाती निघत नाहीत.

आणि काही लोक मधली पायरी म्हणून बीपीएमएनचं यूएमएल (सॉफ्टवेअर डिझाइनच्या आकृत्यांची भाषा) अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम करतात. त्यात वेळ घालवू नका. यूएमएल २ पासून अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम पण टोकन (बाणांवरून पुढे सरकणारी मनातली सोंगटी) फिरण्याच्याच कल्पनेवर चालतं, म्हणजे तीच माहिती दुसऱ्या चिन्हात लिहिली, हाती नवीन काही आलं नाही.

मोजपट्टी

मला या धाग्यावर लिहायलाच हवं कारण याच ठिकाणी मी पूर्वी एका प्रोजेक्टमध्ये फार मोठी चूक केलीये आणि ती निस्तरायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं.

नातं आकृतीत चिन्हानं लिहिलेलं नसतं हे उलटा बाण म्हणतात ते बरोबर, पण ते लपलेलं असतं. शोधायचं कसं, तर प्रत्येक आकृतीसमोर बसून एकच प्रश्न विचारायचा, इथे "एक" म्हणजे काय? सुरुवातीच्या वर्तुळातून एक टोकन निघतं, ते टोकन म्हणजे कशाची एक नग प्रत? मागणीपत्राच्या आकृतीत एक टोकन म्हणजे एक मागणीपत्र. पीओच्या आकृतीत एक पीओ. आवकीच्या आकृतीत एक टोकन म्हणजे काय, पीओ का? नाही, एक गाडी. एक डिलिव्हरी. बिलाच्या आकृतीत एक बिल. आता या आकृत्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे उभं राहून विचारा, एका मागणीपत्राचे किती पीओ? व्हेंडर वेगळे असले तर अनेक. एका पीओत किती मागणीपत्रं? खरेदीवाले सांगतील की दहा विभागांची कागदाची मागणी आम्ही एकत्र करून एकच पीओ काढतो. झालं, अनेकाला अनेक. आणि अनेकाला अनेक आलं की मधे ओळी आल्या, म्हणजे नातं पीओचं मागणीपत्राशी नाहीच, पीओच्या ओळीचं मागणीपत्राच्या ओळीशी आहे. एका पीओचा माल तीन गाड्यांनी येतो. एका बिलात दोन गाड्यांचा माल असतो, आणि कधी कधी दोन पीओंचाही.

आमची चूक हीच होती. आकृतीत पीओ, आवक, बिल, पेमेंट एका सरळ रेषेत एकाच पूलमध्ये (एका प्रोसेसची चौकट) काढलं होतं, दिसायला सुरेख. आम्ही त्यावरून एक पीओ, एक आवक, एक बिल असं डिझाइन केलं, टेबलांमध्ये पीओ नंबर हीच सगळीकडे किल्ली. पहिल्याच महिन्यात अर्धा माल आला आणि स्टोअरवाल्यांना पीओ बंद करता येईना की उघडा ठेवता येईना, मग त्यांनी उरलेल्या मालासाठी खोटे पीओ काढायला सुरुवात केली. चूक आकृती काढणाऱ्याची म्हणून सोडून देता आली असती, पण "एक म्हणजे काय" हे विचारायचं काम माझं होतं आणि मी ते विचारलं नव्हतं.

म्हणून निळी शाई, ज्या क्षणी आकृतीच्या मध्यावर "एक"चा अर्थ बदलतो, त्या क्षणी ती एक आकृती नाही, दोन आहेत, वेगवेगळ्या पूलमध्ये, मधे मेसेज. आणि तो मेसेज आल्यावर तो कुठल्या चालू प्रोसेसचा हे कशावरून ओळखायचं, ज्याला कोरिलेशन म्हणतात, ती ओळखायची खूण म्हणजेच तुमच्या क्लासची ओळख. बिलावर व्हेंडरचा बिल नंबर असतो, पण तो नंबर दोन व्हेंडरांचा सारखा असू शकतो, म्हणून ओळख म्हणजे व्हेंडर अधिक बिल नंबर. असं एकेक मिळत जातं.

निळी_शाई

मोजपट्टी ताई, हे वाचून मी अक्षरशः आकृत्या प्रिंट काढून त्यावर पेन्सिलीनं "एक = ?" लिहायला घेतलंय. आमच्याही आवकीच्या आकृतीत टोकन पीओचंच आहे, आणि पुढे "उरलेला माल आला का?" असा गेटवे (वाटा फुटतात किंवा जुळतात ते चिन्ह) आणि मागे जाणारा बाण. म्हणजे हेच ना?

मोजपट्टी

हो हेच. मागे जाणारा बाण आणि नावात "उरलेला", "पुढचा", "प्रत्येक", "सर्व" असे शब्द दिसले की समजायचं आत दुसरं काहीतरी मोजलं जातंय. तसंच टास्कखाली तीन उभ्या रेघा असतील तर ते मल्टी इन्स्टन्स (तेच काम अनेक वेळा), डेटा ऑब्जेक्टवर त्याच तीन रेघा असतील तर तो संग्रह, दोन्ही ठिकाणी क्लास डायग्रामच्या रेघेवर चांदणी, म्हणजे "अनेक"ची खूण, येणार. पण अनालिस्ट लोक ही चिन्हं क्वचित वापरतात, शब्दच जास्त बोलतात.

लाल_पेन

मोजपट्टी यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी माझ्या टीमला पाठवतोय.

त्यात स्थितीची भर घालतो. डेटा ऑब्जेक्टच्या नावाखाली चौकोनी कंसात स्थिती लिहायची सोय आहे, पीओ [मसुदा], पीओ [मंजूर], पीओ [पाठवलेला]. अनालिस्टनी लिहिली नसली तर तुम्ही लिहा, प्रत्येक टास्कच्या आधी काय आणि नंतर काय. मग सगळ्या ११ आकृत्यांमधल्या पीओच्या स्थिती एका कागदावर गोळा करा आणि स्टेट मशीन (वस्तू कुठल्या स्थितीतून कुठल्या स्थितीत जाते त्याची आकृती) काढा. प्रोसेसच्या आकृत्या कामाच्या बाजूनं कापलेल्या असतात, स्टेट मशीन वस्तूच्या बाजूनं, आणि ही आडवी उभी वीण घातली की भोकं दिसायला लागतात. माझ्या अनुभवात दर वेळी सापडणारं भोक म्हणजे रद्द करणं. पाठवलेला पीओ कोण रद्द करतो? अर्धा माल आल्यावर रद्द करता येतो का? मंजुरीनंतर दर बदलला तर परत मंजुरी लागते का? एकाही आकृतीत हे नसतं, कारण आकृती काढताना सगळे सुरळीत कामाबद्दल बोलत असतात. तसंच प्रत्येक वस्तूला विचारायचं, तू जन्मलीस कुठे, तुला बदललं कुणी, तू संपतेस कुठे. व्हेंडर सगळीकडे वाचला जातो पण नवीन व्हेंडर नोंदवायची आकृती आहे का तुमच्याकडे? बहुतेक नसेल.

निळी_शाई

नाहीये 😮 खरंच नाहीये.

तिसरा_मजला

एक मूलभूत प्रश्न. २०११ पासून बीपीएमएन २.० ला एक्सएमएल (कॉम्प्युटरला वाचता येणारं रूप) आहे, ते चालवणारी इंजिनं आहेत, कमुंडा, फ्लोएबल वगैरे, आकृती थेट चालवता येते. मग हे युज केस, क्लास कशाला? आकृतीच सॉफ्टवेअर होऊ दे ना. आमच्याकडे मंजुरीचे फ्लो असेच चालतात आणि मस्त चालतात.

उलटा_बाण

मंजुरीचे फ्लो मस्त चालणारच, तिथे क्रमच महत्त्वाचा असतो. इंजिन क्रम सांभाळतं, वाट बघणं सांभाळतं, टायमर सांभाळतं, आणि हे स्वतः कोडमध्ये लिहिण्यापेक्षा इंजिननं केलेलं कधीही चांगलं, त्यात वाद नाही. पण पीओची ओळ म्हणजे काय, दोन आवकींची बेरीज पीओपेक्षा जास्त झाली तर चालते का, हे इंजिनला माहीत नाही. ते कुठेतरी डिझाइन करावंच लागतं, आणि नाही केलं तर लोक अख्खा पीओ प्रोसेस व्हेरिएबलमध्ये (इंजिन चालू प्रोसेससोबत ठेवतं ती माहिती) कोंबतात. मग पीओची एक प्रत डेटाबेसमध्ये, एक इंजिनमध्ये, आणि स्थिती दोन्हीकडे वेगळी. व्हेरिएबलमध्ये फक्त आयडी ठेवा, बाकी सगळं डोमेनच्या क्लासमध्ये. आणि आकृती बदलल्यावर जुन्या आकृतीवर अर्ध्यात असलेल्या प्रोसेसचं काय करायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा, नंतर फार जड जातो.

थेट चालवायचा प्रयत्न पूर्वीही झालाय. बीपीएमएनचं पहिलं रूप २००४ मध्ये आलं तेव्हा त्यावरून बीपेल (प्रोसेस चालवायची एक भाषा) बनवायचं असा विचार होता. बीपेलमध्ये रचना मुख्यतः ब्लॉकची, एकात एक बसणारी, आणि बीपीएमएनमध्ये बाण कुठूनही कुठेही जातो. मागे जाणारे आणि एकमेकांना छेदणारे बाण आले की रूपांतर वाचण्यासारखं राहायचं नाही. २.० मध्ये बीपीएमएनला स्वतःचंच चालण्याचं नियमपुस्तक दिलं गेलं त्यामागे हेही एक कारण.

रेघोट्या

गेटवेबद्दल कुणी बोललं नाही अजून. गेटवे स्वतः काही ठरवत नाही, ठरवणारा आधीचा टास्क असतो, गेटवे फक्त वाट दाखवतो. त्यामुळे गेटवेचा इफ एल्स करण्याआधी विचारायचं की निर्णय कोणाचा. माणसाचा असेल तर त्या निर्णयाची नोंद लागते, कोणी, कधी, काय कारणानं, म्हणजे "मंजुरी" हा स्वतंत्र क्लास झाला, पीओवरचा हो नाहीचा खण पुरत नाही. नियमाचा असेल, म्हणजे एवढ्या रकमेपर्यंत हा मंजूर करेल आणि त्यावर तो, तर नियम आकृतीतून उचलून निर्णय तक्त्यात टाका. डीएमएन हे ओएमजीचं स्टँडर्ड त्यासाठीच आहे, २०१५ चं. मी एका आकृतीत रकमेचे सात गेटवे एकापुढे एक बघितलेत, मर्यादा बदलली की आकृती बदला, आकृती बदलली की डिझाइन बदला. आणि तिसरा प्रकार इव्हेंटवर चालणारा गेटवे, व्हेंडरचं उत्तर आधी येतं का मुदत आधी संपते. त्याचं डिझाइन म्हणजे शर्यत. दोन्ही एकाच क्षणी आले तर कोण जिंकेल हे सिक्वेन्स डायग्राममध्ये दाखवा.

लाल_पेन

आणि रूपांतराच्या आधी आकृतीचीच तब्येत तपासा. दोन वाटा एकाच वेळी सुरू करणाऱ्या पॅरलल गेटवेनंतर त्या वाटा एक्सक्लुझिव्ह (एका वेळी एकच वाट धरणाऱ्या) गेटवेनं जोडल्या, किंवा गेटवे न घालता दोन्ही बाण सरळ एका टास्कमध्ये नेले, तर टोकन दोन येतात आणि पुढचं सगळं दोनदा होतं. पुढचा टास्क "पेमेंट करा" असेल तर काय होईल ते सांगायला नको. उलट केलं, म्हणजे एकच वाट निवडली आणि शेवटी पॅरलल जोडणी ठेवली, तर दुसऱ्या टोकनची वाट बघत ते कायमचं अडकतं. कागदावर बघणारा माणूस मनातल्या मनात दुरुस्त करून वाचतो म्हणून हे पास होतं, कोड दुरुस्त करून वाचत नाही. हे तपासायचं गणित पेट्री नेटमधून आलंय, १९६२ च्या कार्ल पेट्री यांच्या प्रबंधापासूनची ती परंपरा, पण तुम्हाला गणित करायची गरज नाही, गेटवेवर एक नाणं ठेवून बोटानं पुढे सरकवत न्या, जिथे वाटा फुटतात तिथे नाणी वाढवा, दहा मिनिटांत कळतं.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर हेच करत होते म्हणून उशीर झाला.

६४ च्या १९ युज केसेस झाल्या, आणि वर ५ नव्या ज्या आकृत्यांमध्ये नव्हत्याच: पीओ रद्द, पीओत बदल, व्हेंडर नोंदणी, माल परत आणि अर्धवट पीओ बंद करणं. अनालिस्टना दाखवलं तेव्हा मला वाटलं त्यांना राग येईल, पण त्यांनी उलट आवकीची आकृती माझ्यासमोर परत काढली, आता एक टोकन म्हणजे एक डिलिव्हरी. नाण्याचा प्रयोग केला आणि एका आकृतीत खरंच दोन बाण एकाच टास्कमध्ये जात होते. प्रत्येक युज केसला मूळ टास्कचे आयडी लिहून ठेवलेत म्हणजे पुढे आकृती बदलली तर कुठे हात लावायचा ते कळेल.

एकच गोष्ट अडलीये. बिल जुळवणी. पीओ, आवक, बिल तिन्ही जुळलं तरच पेमेंट. आकृतीत जुळवणी हा बिलाच्या प्रोसेसमधला टास्क आहे, पण अकाउंट्सवाले म्हणतात कधी बिल आधी येतं आणि माल नंतर, कधी उलट. मग जुळवणी नक्की कोणाच्या क्लासमध्ये टाकू, बिलाच्या का आवकीच्या?

उलटा_बाण

आयडी लिहिलेत ते छान, फक्त बघा की काही टूल्समध्ये टास्क कॉपी पेस्ट केला की आयडी नवीन मिळतो, अनालिस्टना सांगून ठेवा की जुना टास्क हलवा, पुसून नवा काढू नका.

मोजपट्टी

दोघांच्याही नाही. परत तोच प्रश्न, जुळवणीत "एक" म्हणजे काय? एक बिल नाही, कारण बिलाच्या पाच ओळींपैकी तीन जुळतात, दोन थांबतात. एक आवक पण नाही. एक म्हणजे बिलाची एक ओळ, पीओची एक ओळ आणि तिच्यासाठी आलेल्या मालाच्या एक किंवा अनेक नोंदी. म्हणजे जुळवणी ही स्वतः एक वस्तू आहे, तिचा स्वतःचा क्लास, तिची स्वतःची स्थिती: मालाची वाट बघतेय, बिलाची वाट बघतेय, जुळली, फरक आहे, फरक मान्य केला. आवक किंवा बिल, दोघांपैकी जे आधी येईल ते तिला जन्माला घालतं, दुसरं आलं की ती पुढे सरकते. आणि "फरक मान्य केला" या स्थितीत कोण नेतो ते अकाउंट्सना विचारा, तिथे तुमची पंचविसावी युज केस निघेल.

निळी_शाई

विचारलं. त्यांच्याकडे तो माणूस ठरलेलाच नाहीये, आत्तापर्यंत फोनवर चालायचं. अनालिस्टनी सोमवारी खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्स तिघांना एकत्र बोलावलंय, मी जुळवणीचं स्टेट मशीन घेऊन जातेय. काय ठरतं ते इथेच लिहीन.